दस्तगीर आणि तालमीतली सुई

मिरजेत दस्तगीरला माती देऊन आम्ही कबरस्तानातून परत फिरलो, तेव्हा माझ्या मागून दोघं जण हळू आवाजात बोलत येत होते. "आंग कसलं हुतं गड्याचं! दारूनं खाल्लं बघ," एक म्हणाला. दुसऱ्यानं लगेच दुजोरा दिला, "व्हय की. लिव्हर गेलं म्हंजे दुसरं काय आसनार?" दोघंही चांगली माणसं होती, खांदा द्यायला आली होती आणि त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, हळहळच होती. मी मागं वळून सांगायला हवं होतं, की बाबांनो, या माणसानं आयुष्यात दारूचा थेंब ओठाला लावलेला नाही. मी वळलो नाही. चप्पल शोधायचं निमित्त करून रेंगाळलो आणि त्यांना पुढं जाऊ दिलं. कऱ्हाडला परतताना एसटीत मला स्वतःची इतकी लाज वाटत होती, की कंडक्टरनं दोनदा हटकलं तेव्हा कुठं मी भानावर आलो... त्याला आता आठ आठवडे झाले. तेव्हा गिळलेलं वाक्य आज लिहायला बसलोय, एवढंच या लेखाचं कारण.

मी मूळचा कोरेगाव तालुक्यातला. बारावीनंतर कॉलेजसाठी मिरजेत आलो आणि राहायची सोय म्हणून एका तालमीत दाखल झालो. घरच्यांना वाटायचं पोरगा पैलवान होतोय, तालमीतल्यांना वाटायचं पोरगा शिकतोय, आणि मी दोन्हीकडं जेमतेमच होतो. दस्तगीर तिथं आधीपासून होता. त्याचं घर तंबोरे बनवणाऱ्यांचं, तालमीपासून दोन गल्ल्यांवर, पण हा झोपायलाही तालमीतच असायचा. वस्तादांनी आमची जोड लावली. म्हणजे रोज सकाळी त्यानं मला लाल मातीत पालथा घालायचा आणि मग हात देऊन उठवायचा. "संपत, तू पडतोस मातूर लय झ्याक गड्या," असं तो मनापासून म्हणायचा, आणि त्या कौतुकानं मला राग यायच्या ऐवजी बरंच वाटायचं. संध्याकाळी मी त्याला कॉलेजातल्या गोष्टी सांगायचो. बेडकाचं काळीज बाहेर काढल्यावरही थोडा वेळ उडत राहतं, हे ऐकून तो दोन दिवस मांसाला शिवला नव्हता.

पैलवानाचे कान मोडलेले असतात, हे आमच्या भागात सांगायला नको. पकडीत चेपून, मातीत घासून कानात रक्त साकळतं आणि कान टम्म फुगतो. आमच्या तालमीत ते रक्त काढायचं काम वस्ताद स्वतः करायचे. त्यांच्यापाशी काचेची एक सिरिंज होती आणि तिला एक जाड सुई. एका कानातलं रक्त ओढायचं, बंबातल्या गरम पाण्यात सुई खळबळून घ्यायची, की पुढचा कान. ठणकत्या कानानं कुणी झोपू नये म्हणून ते हे करायचे, त्यात मायेशिवाय काही नव्हतं, आणि तेव्हा कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. एका दुपारी आम्ही तिघं रांगेत बसलो होतो. बाहेरगावाहून मैदानासाठी आलेला एक पैलवान, त्याच्यामागं मी, माझ्यामागं दस्तगीर. "आधी ह्येचं करा वस्ताद, ह्यो वरडतो कसा ते बघायचंय मला," म्हणून त्यानं मला पुढं ढकललं होतं. मी ओरडलो. तो पोट धरून हसला. मग त्यानं त्याच सुईखाली आपला कान दिला.

अडीच-तीन महिन्यांनी मला कावीळ झाली. साधीसुधी नाही. डोळे हळदीसारखे, अन्नाचा वास नको, जिना चढायचा म्हणजे डोंगर. तालमीच्या मागच्या खोलीत मी जवळजवळ दोन महिने पडून होतो, आणि ते दोन महिने माझं सगळं दस्तगीरनं केलं. उसाचा रस आणायचा, मुगाचं पातळ कढण भरवायचा, कुणाकडून तरी काविळीची माळ आणून माझ्या गळ्यात घातली आणि ती उतरत कुठवर आली हे रोज बोटानं मोजायचा. त्याला स्वतःला काहीच झालं नाही. साधं अंगही तापलं नाही. दंडावर थाप मारून म्हणायचा, "मी बघ. त्याच मातीतला, त्याच ताटातला. हाय का काय? आंग आसावं तर आसं! तुज्या आंगात दमच न्हाई रं, तू आपला मास्तर हो." माझी कुस्ती सुटली ती तिथंच, आणि मी खरोखरच मास्तर झालो. कऱ्हाडच्या एका शाळेत तीस वर्षं मी विज्ञान शिकवलं. त्या काविळीबद्दल आमचा दोघांचा समज एकच होता. तो ताकदीचा म्हणून वाचला आणि मी किडमिडीत म्हणून आडवा झालो.

वडील गेल्यावर दस्तगीरनंही माती सोडली आणि तंबोऱ्यांना बसला. मोडलेल्या कानांचा हा आडदांड माणूस तंबोऱ्याची जवारी लावायचा, म्हणजे तारांखालची घोडी कानसेनं कणाकणानं घासत तारेतून हवा तो झंकार काढायचा. त्या वेळी मला श्वास घ्यायचीही चोरी असायची. भोपळे निवडायला गेला की प्रत्येकाला टिचकी मारायचा, कान लावायचा आणि नापास झालेल्याला शिवी घालून बाजूला ठेवायचा. मी म्हणायचो, अरे, भोपळ्याला ऐकू येत नाही. तो म्हणायचा, "तुज्या पोरांना तरी कुठं येतंय?" चहात साखर इतकी घालायचा, की त्याच्या कारखान्यातला चहा प्यायल्यावर मी बायकोशी खोटं बोलायचो. आणि त्याच्या हातांना, सदऱ्याला, अगदी मिठी मारली की मानेलाही स्पिरिटचा वास यायचा. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये कालवतात, ते दिवसभर कापडानं लाकडावर घासायचं, तर दुसरा कसला वास येणार? पण पुढं त्या वासानंच घात केला.

सहा वर्षांपूर्वी त्याचं पोट फुगायला लागलं, पायांवर सूज आली, आणि एके सकाळी रक्ताची उलटी झाली. मिरजेतच तपासण्या झाल्या. हिपॅटायटीस बीचा विषाणू कितीतरी वर्षांपासून आत होता आणि त्यानं लिव्हर जवळजवळ वाळवून टाकलं होतं. तरुण डॉक्टरीणबाई होत्या, शांतपणे विचारत होत्या. कधी रक्त चढवलं? गोंदवून घेतलं? कुणाची वापरलेली सुई? मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. मला त्या क्षणी ती दुपार आठवली, ती रांग आठवली, आणि मी त्याच्याकडं बघितलं. त्यालाही आठवलं होतं. डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. तो म्हणाला, "न्हाई बाई, आठवत न्हाई."

बाहेर बाकड्यावर बसल्यावर त्यानं माझं मनगट धरलं. कुस्ती सोडून इतकी वर्षं झाली तरी त्याची पकड सैल झाली नव्हती. "संपत, त्या सुईचं कुठं बोलायचं न्हाई. वस्ताद गेल्यात आता. पोटच्या पोरावानी संभाळलं आपल्याला. त्येंच्या हातनं झालं म्हनून कळलं तर तालमीतल्या फोटूला कोन हार घालंल? ते काय जानून केलं त्येनी?" मी म्हणालो, अरे, पण लोक तुलाच नावं ठेवतील, लिव्हर म्हटलं की लोकांना एकच सुचतं. "ठिवू द्यात," तो म्हणाला. "अल्लाला ठावं हाय, तुला ठावं हाय. बास झालं." मी वचन दिलं. मला तेव्हाच त्याचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर अजूनही येतो. त्याच दमात त्यानं मलाही रक्त तपासून घ्यायला सांगितलं होतं. विज्ञानाचा शिक्षक असून मी ते सहा वर्षं टाळलं. भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

पण एक प्रश्न मला स्वस्थ बसू देईना, म्हणून पुढच्या खेपेला मी डॉक्टरीणबाईंना एकट्यानं गाठलं. शाळेत मुलांना सांगायचंय म्हणून विचारतो, असं म्हणालो. समजा, एकाच सुईतून दोघांच्या अंगात हा विषाणू गेला. एक काविळीनं पार पिवळा झाला आणि पुढं ठणठणीत राहिला. दुसऱ्याला शिंकही आली नाही, आणि तीस-पस्तीस वर्षांनी त्याचं लिव्हर गेलं. हे असं कसं? त्यांनी माझ्या कानांकडं एकदा बघितलं, पण विचारलं काही नाही. म्हणाल्या, कावीळ हा बराचसा आपल्याच शरीराचा मारा असतो. विषाणू लिव्हरच्या पेशींत गुपचूप राहतो. तो जिथं लपलाय त्या पेशींसकट त्याला संपवायला रक्तातले पहारेकरी धावतात, आणि त्या धुमश्चक्रीत माणूस पिवळा पडतो. पण पहारेकऱ्यांना तो सापडतो कसा? आपली प्रत्येक पेशी आत जे काही चाललंय त्याचे बारीक तुकडे बाहेर धरून दाखवत असते. ते धरायला तिच्याकडं चिमट्यांसारखं काहीतरी असतं, आणि त्या चिमट्यांची घडण माणसागणिक वेगळी. निम्मी आईकडून आलेली, निम्मी वडिलांकडून. एखाद्याच्या चिमट्यात या विषाणूचा तुकडा घट्ट बसतो, ठळक दिसतो, आणि पहारेकरी तुटून पडतात. एखाद्याच्या चिमट्यात तो नीट बसतच नाही, मग पहारेकरी शेजारून निघून जातात. "ताकदीचा यात संबंध नाही, सर," त्या म्हणाल्या. "आणि चांगलं रक्त, वाईट रक्त असंही काही नसतं. ज्याच्या चिमट्यात हा बसत नाही, त्याच्या चिमट्यात दुसरा एखादा विषाणू बरोबर अडकेल." मोठ्या वयात बहुतेकांचं शरीर याला हुसकून लावतं, थोड्यांचं नाही. त्यातही नुसत्या घडणीवर सगळं ठरत नाही, विषाणू किती गेला, वय काय, बाकीही पुष्कळ असतं आणि एका माणसाकडं बोट दाखवून नक्की कारण सांगता येत नाही, हेही त्यांनी बजावलं.

मी हे सगळं जसंच्या तसं दस्तगीरला सांगितलं. कारखान्यात तो अर्धवट झालेल्या तंबोऱ्याला टेकून बसला होता. ऐकून त्यानं भोपळ्याला एक टिचकी मारली. मग म्हणाला, "म्हंजे माज्या आंगानं त्येला वळखलाच न्हाई. पावना समजून आत घेतला, बसाय पाट दिला." माझ्या दंडाला चिमटा काढून म्हणाला, "आनि तुजं आंग बघ. काटकुळं, पन वळखलं आनि भिडलं." मग एकाएकी त्याला हसू फुटलं, तेच ते, पोट धरून. "आयला संपत, जल्मभर मी तुला चीत केला, आनि खरी कुस्ती तूच मारलीस की रं!" त्याला मनापासून मौज वाटत होती. मला काही हसू येईना. मी उठून बाहेर गेलो आणि उगाच नळावर तोंड धुतलं.

रोज एक गोळी त्यानं नेमानं घेतली. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांची तपासणी करायला सांगितली होती, तर पहिल्याच आठवड्यात बायकोला, मुमताजवहिनींना, घेऊन गेला. त्यांच्यात काही नव्हतं, त्यांना लस दिली. राहिला मुलगा. इरफान पुण्यात एका कंपनीत आहे, हुशार आहे, आणि बापासारखाच हट्टी. बाप आजारी पडला तेव्हा गल्लीतल्या कुणीतरी त्याच्या कानात भरवलं, की पैलवान कारखान्यात बसून पितो. आधी त्यालाही पटलं नसावं. मग तो सुट्टीला आला, बापाच्या जवळ बसला, आणि त्याला तो वास आला. त्यानं विचारलं. दस्तगीर म्हणाला, "पिलो न्हाई." बस. हा आजार सुईतून येतो, माझ्या तरुणपणी असं असं झालं, असली चार वाक्यं बोलला असता तर मुलगा जवळ राहिला असता. पण त्या चार वाक्यांत वस्ताद होते. ते पीत नाहीत असं आई सांगू लागली तर तिलाही इरफान म्हणायचा, तू पांघरूण घालतेस. तपासणीचं नाव काढलं की म्हणायचा, दारूनं झालेल्या रोगाची मला कशाला टेस्ट? मी दस्तगीरला विनवलं, मला सांगू दे त्याला. "न्हाई," तो म्हणाला. "एकदा सांगितलंय त्येला. बापाला परत परत साक्ष द्यावी लागली तर मग बाप कशाला म्हनायचं?" तो गेला तेव्हा इरफानची तपासणी झालेली नव्हती, आणि लग्न ठरलेलं होतं. माझ्या डोक्यात दिवसरात्र तेवढंच घोळत होतं. विषाणू बापाकडून पोराकडं गेला असेल, आणि बापाची ती घडणही गेली असेल, तर याच्याही अंगात तो तसाच, शिंकही न येता, बसलेला असू शकतो.

दस्तगीरच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मी मिरजेला गेलो ते ठरवूनच. माणसं जेवून गेल्यावर इरफानला कारखान्यात बोलावलं, मुमताजवहिनींनाही बसवलं, आणि ती दुपार सांगितली. सिरिंज, बंबातलं पाणी, रांग, माझी कावीळ, सगळं. वहिनी पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. त्यांनाही हे नवीनच होतं. सहा वर्षांचं वचन मी पाच मिनिटांत मोडलं, आणि मोडताना मला अजिबात वाईट वाटलं नाही. इरफान जमिनीकडं बघत म्हणाला, "काका, तुम्ही त्यांचे दोस्त. तुम्ही त्यांचीच बाजू घेणार." मी म्हणालो, "मग माझ्या रक्ताला विचार. त्याच सुईतलं आहे. उद्या सकाळी लॅबमध्ये चल. माझंही तपासू, तुझंही. विषाणू येऊन गेला की रक्तात खूण राहते. माझ्या रक्तात ती निघाली नाही, तर तुझ्या बापाला काय म्हणायचं ते म्हण." हे बोलून गेल्यावर मात्र माझ्या ध्यानात आलं, की सहा वर्षं टाळलेली तपासणी आता उद्यावर आली.

सकाळी दोघांनी शेजारी बसून रक्त दिलं. माझी शीर सापडेना, इरफाननंच माझा दंड धरून ठेवला. दुपारी रिपोर्ट आले. त्यानं आधी माझा उघडला. माझ्या अंगात विषाणू नव्हता, पण कधीकाळी येऊन गेला होता आणि शरीरानं त्याला घालवला होता, याची खूण रक्तात अजून होती. लॅबमधल्या बाईंनी ती ओळ बोटानं दाखवून समजावली. इरफाननं तो कागद दोनदा वाचला. मग स्वतःचा उघडला. त्यात विषाणूही नव्हता आणि खूणही नव्हती. कोरा होता पोरगा. लस घ्यायची, मग ती अंगी लागली की नाही हे पुन्हा तपासायचं, एवढंच. मी तिथल्या खुर्चीतच डोळे मिटून बसलो. त्याला मात्र आपल्या रिपोर्टचा आनंद झालेला दिसला नाही. माझाच कागद हातात धरून तो घरापर्यंत चालत आला.

घरी येऊन तो तडक कारखान्यात गेला आणि फळीवरची एक पत्र्याची पेटी खाली काढली. लहानशीच, कुलूप लावलेली. "काका, सहा वर्षं हिला कुलूप आहे," तो म्हणाला. "अब्बा कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मला वाटायचं, यात बाटली असणार." मुमताजवहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी कनवटीची किल्ली काढून पुढं केली. "माज्याकडंच दिल्ती त्येनी. तू कवा इचारलंस?"

पेटीत दाढीचं सामान होतं. नेलकटर होतं, छोटी कात्री होती, चिकटपट्टीची दोन रिळं होती. रक्ताशी संबंध येईल असं त्याचं जे जे होतं, ते सगळं, घरात दुसऱ्या कुणाच्या हाताला चुकून लागू नये म्हणून. आणि कोपऱ्यात खरोखरच एक बाटली होती. खोकल्याच्या औषधाची, प्लॅस्टिकची. वापरलेल्या ब्लेडांनी गळ्यापर्यंत भरलेली, आणि झाकणावरून तंबोऱ्याच्या तारेचे घट्ट वेढे दिलेले. इरफाननं आईकडं बघितलं. "कचरा न्यायला बाई येती न्हवं," वहिनी म्हणाल्या, "तिचा हात कापंल म्हनायचे. टाकू द्यायचे न्हाईत." इरफान ती बाटली दोन्ही हातांत धरून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. कबरस्तानात त्याच्या डोळ्यांत पाणी मी पाहिलं नव्हतं.

वस्तादांचं नाव मी या लेखात लिहिलेलं नाही, तालमीचंही नाही. माझ्या वचनातलं तेवढंच मला पाळता आलं, दस्तगीर समजून घेईल. परवा इरफानचा फोन आला होता. लसीचा पहिला डोस झाला म्हणाला, होणाऱ्या बायकोला सगळं सांगितलं म्हणाला, आणि आता शनिवार-रविवार मिरजेला येऊन अर्धवट राहिलेल्या तंबोऱ्याला पॉलिश करत बसतो म्हणाला. मी विचारलं, पेटी कुठं ठेवलीस? "फळीवरच हाय, काका," तो म्हणाला. पुण्याची भाषा सोडून पहिल्यांदाच तो बापासारखं बोलला. "कुलूप काढलंय. झाकन उघडंच ठिवलंय, येनाऱ्याजानाऱ्याला दिसाय पायजे."